बाराव्या प्रकरणापासून पुढे

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

आदरणीय बाई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असाल. काळजीचं काही नाही, कुणाला काही झालेलं नाही. तुमचा पत्ता समोरच्या, तुम्ही शिकवायचात त्या शाळेतल्या कारकूनबाईंकडून मिळवला. त्यांनी "कशाला हवाय?" असं दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा "ग्रंथालयाचं काम आहे" म्हणालो. ते अगदीच खोटं नाही.

इकडे सगळं ठीक. आईला जाऊन आता चार वर्षं होतील. शेवटपर्यंत खुटखुटीत होती, अंथरुणाला खिळली नाही. आमच्या शाळेला बाहेरून नवा रंग दिलाय. पण मुलांना दिसत नाही, त्यांना त्याचं काय? नववीतला एक आहे, आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणतात. तो म्हणाला, "रंगाचा वास होता तोवर शाळा नवी होती. आता झाली पुन्हा जुनी." रेकॉर्डिंगची खोली तीच आहे. कंप्युटर दोनदा बदलला. खुर्ची नाही बदलली, अजून करकरते.

आता कामाचं. दर शनिवारी, मधल्या सुट्टीनंतर, आठवी-नववीची सात मुलं माझ्या खोलीत जमतात. आठवडाभर एकेक कादंबरी ऐकायची आणि शनिवारी तिच्याबद्दल आपलं मत सांगायचं, असा त्यांचा गट आहे. मी फक्त दार उघडून देतो आणि वायरी गुंडाळत बसतो. तुम्ही तीन वर्षांत एकवीस कादंबऱ्या वाचून दिल्यात. त्यानंतर पुष्कळांनी वाचलं, पण मागणी अजून तुमच्याच कादंबऱ्यांना. "वाचणाऱ्या बाईंची आहे का?" असं विचारतात आणि नसेल तर तोंड वाकडं करतात.

शिवणाचं दुकान चालवणाऱ्या दोन बहिणींची कादंबरी आठवते? तिच्यावर मागच्या महिन्यात रण माजलं. भोंगा म्हणाला, "निम्मी कादंबरी झाली तरी कुणी कुणाशी भांडत नाही. अशा बहिणी असतात होय?" त्यावर आमची वकीलीण उसळली. ही नववीतली मुलगी. कोणत्याही गोष्टीवर बाजू मांडल्याशिवाय तिला जेवण जात नाही. "भांडतात रे! धाकटी न विचारता थोरलीची कात्री उचलते, तेच भांडण. तुला आरडाओरडा झाल्याशिवाय काही कळतच नाही." मी हसलो तर मलाच म्हणाली, "सर, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" मी म्हणालो, मी मशीनच्या बाजूचा.

तुम्ही मला 'मशीनवाले' म्हणायचात, ते मुलांना कसं कळलं ते पुढे येईलच.

तर, या मुलांनी नावेची कादंबरी घेतली. तीच, जी तुमच्याकडून अर्धवट राहिली. नदीवर नाव चालवणारी बाई, आणि तिथे पूल बांधायला आलेला इंजिनिअर. पूल झाला की नाव बंद होणार हे दोघांनाही माहीत असतं, तरी तो रोज तिच्याच नावेतून कामाला जातो. तुम्ही चौदापैकी अकरा प्रकरणं वाचलीत आणि बदली होऊन गेलात. शेवटची तीन मी वाचून टाकली. 'टाकली' हाच शब्द बरोबर.

मुलांनी माझी सालटी काढली. वकीलीण म्हणाली, "सर, राग मानू नका, पण तुम्ही कादंबरी वाचत नाही, हजेरी घेता. पुलाचं उद्घाटन झालं एवढं कळलं. तिला काय वाटलं ते कुठे गेलं?" गटात चिमणी म्हणून एक आठवीतली मुलगी आहे. ती महिन्यातून एखादं वाक्य बोलते. ती हळूच म्हणाली, "आणि मागे सारखी शीळ वाजतेय. बारीक, वरच्या पट्टीतली." मला ती ऐकू आली नव्हती. म्हणालो, मशीन जुनं झालंय.

तिथेच थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

बारावं प्रकरण तुमच्या आवाजात कुठेतरी असेलच, अशी वकीलीणबाईंची खात्री. त्यामुळे तिने माझ्या परवानगीने कंप्युटर धुंडाळला. आता नावं बोलून दाखवणारा कंप्युटर आहे. त्याने तिला एक फोल्डर बोलून दाखवलं: 'कापलेले'. मी त्या वेळी मुख्याध्यापकांकडे गेलो होतो.

बाई, वाचताना कुणी अडखळलं, खोकलं, ओळ चुकली की तेवढा तुकडा कापायचा आणि फेकून द्यायचा, अशी आमच्या कामाची रीत. सगळ्यांचे मी फेकले. तुमचे नाही फेकले. सगळे जोडून सत्तेचाळीस मिनिटांचे आहेत. का ठेवले ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी वकीलीण उभी राहिली आणि म्हणाली, "आज मी 'कापलेले' या कादंबरीबद्दल बोलणार आहे. लेखक माहीत नाही. गटातल्या सगळ्यांनी ऐकलीय." माझ्या हातातली वायर तशीच राहिली. थांबवायला हवं होतं. पण मुलं इतक्या गंभीरपणे बसली होती की तोंड उघडवलं नाही.

ती म्हणाली, "नायिका खोकते फार, पण हसते झकास. पहिल्या वर्षी चुकली की म्हणते, 'पुन्हा घेऊ या का, साहेब?' दुसऱ्या वर्षी, 'पुन्हा घेऊ या का, मशीनवाले?' तिसऱ्या वर्षी नुसतं, 'पुन्हा?' माझ्या मते सगळी गोष्ट यातच आहे." दुसरा एक मुलगा म्हणाला, "ती पाणी मागते ना, त्याच्या आधीच ग्लास ठेवल्याचा आवाज येतो. दर वेळी. म्हणजे त्याला आधीच कळतं." भोंगा म्हणाला, "पण नायक कंटाळवाणा आहे. सत्तेचाळीस मिनिटांत नुसतं 'हं' करतो."

मग शेवटचा तुकडा. तुम्हाला आठवतो का, ठाऊक नाही. मला पाठ आहे. अकरावं प्रकरण संपलं. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "माझी ऑर्डर आलीय. पंधरा तारखेपर्यंत होकार-नकार कळवायचाय. काय कळवू?" मग काहीच नाही. वकिलिणीने मशीनवर मोजलंय, बावीस सेकंद. आणि मग माझा आवाज: "जरा लांबून येतोय आवाज. माईकजवळ सरका."

मग भोंगा म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "असा नायक असेल तर मी कादंबरी तिथेच बंद करतो."

"त्याला काही वाटतच नसेल तर?" वकीलीण म्हणाली.

"वाटतंय," चिमणी म्हणाली. "सोळाव्या सेकंदाला तो श्वास घेतो. आपण बोलायच्या आधी घेतो ना, तसा. मग नुसताच सोडतो."

नऊ वर्षं तो तुकडा ऐकत आलो, बाई. तो श्वास मी कधी ऐकला नव्हता.

कुणाकडे चेहरा वळवून बसायची या मुलांना गरज नसते. पण सातही चेहरे माझ्याकडे वळले. माझा आवाज त्यांनी पहिल्या 'हं'लाच ओळखला असणार. वकीलीण म्हणाली, "सर, त्या नायकाचं पुढे काय झालं?" मी म्हणालो, "तो अजून त्याच शाळेत आहे." मग घंटा झाली. जाताना प्रत्येकाने दारातल्या माझ्या दंडाला हात लावला. दर वेळी लावतात, वाट कळावी म्हणून. त्या दिवशी जरा जास्त वेळ लावला.

तर मुलांची एकमुखी मागणी अशी की, शेवटची तीन प्रकरणं तुम्ही वाचावीत. इथे येऊन. शनिवार सोयीचा. तुमचं घर-संसार, सुट्ट्या, प्रवास यातलं मला काहीच माहीत नाही. नाही जमलं तर तसं कळवा, मी त्यांना समजावून सांगेन.

हे पत्र इथे संपवणार होतो. पण मुलांच्या आडून बोलायचं वय राहिलं नाही. यावं असं मलाही वाटतं. नऊ वर्षांत तुमच्या वाचनाचा एक मंगळवार किंवा शुक्रवार असा गेला नाही, की दुपारी तीन वाजता मी दाराकडे पाहिलं नाही.

तेव्हा गप्प बसलो ते आईमुळे, असं मनाला सांगत आलो. ते खरं नाही. आईला तुम्ही आवडायचात, "त्या बाई हल्ली घरी का येत नाहीत?" असं ती शेवटपर्यंत विचारायची. खरं कारण लिहायला दोनदा घेतलं आणि दोन्हीदा कागद फाडला. आजही ते या पत्रात नाही. आहे तेवढ्यावर भागवून घ्या.

आपला,
मशीनवाला


दि. ८ मार्च, शनिवार, संध्याकाळ

बाई,

तुमची साडेचारची बस सुटून दीड तास झाला. खोली अजून बंद केलेली नाही. पुस्तक टेबलावर तुम्ही ठेवलंत तसंच आहे.

तुमचं उत्तर एका ओळीचं आलं होतं, "शनिवारी येते, बारावं प्रकरण काढून ठेवा." ते मी मुलांना वाचून दाखवलं. हजेरी घेतल्यासारखंच वाचलं असेन, पण या वेळी कुणी तक्रार केली नाही.

तुमचा आवाज थोडा भरड झालाय. मुलांना तो अजूनच आवडला. नावेतून शेवटच्या फेरीला निघताना ती बाई वल्ह्यांना तेल लावते ना, तिथे तुम्ही अगदी सावकाश वाचलंत. भोंगा सबंध प्रकरणभर हूं की चूं न करता बसला होता. नंतर वकिलिणीने तुम्हाला विचारलं, "बाई, इंजिनिअर भित्रा आहे, हे तुमचं मत आहे का?" मी वायरी गुंडाळत होतो. ज्या गुंडाळून झाल्या होत्या त्याच पुन्हा गुंडाळत होतो.

तुम्ही म्हणालात, "असेल. पण तिनेही एकदाच विचारलं. माझं मत विचाराल तर तिने दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं."

यावर मुलं बराच वेळ वाद घालत होती, मला त्यातलं फारसं आठवत नाही.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. आपण फाटकापर्यंत चालत गेलो. मुलांची बस लागली होती, गलका होता. तुम्ही माझ्या डाव्या हाताला होतात. रस्त्याकडे बघत तुम्ही काहीतरी बोललात. मोठं वाक्य नव्हतं. शेवटी तुम्ही थांबून माझ्याकडे बघितलंत, तेव्हा कळलं की तो प्रश्न होता. मी म्हणालो, "हो." तुम्ही थोडा वेळ तशाच बघत राहिलात. मग पदर सारखा केलात, मान हलवलीत आणि तुमच्या साडेचारच्या बसमध्ये चढलात. खिडकीतून हात केलात.

बाई, मला ऐकू आलं नाही.

माझा डावा कान पूर्ण गेलाय. उजव्याने माणसांचं बोलणं कळतं, वरच्या पट्टीतलं काही कळत नाही. मशीनचा दोष नव्हता, चिमणीला ऐकू आलेली शीळ मला यापुढेही ऐकू येणार नाही. शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. मुलांना बहुधा माहीत आहे. हल्ली ती माझ्याशी उजवीकडून बोलतात.

तुम्ही ऑर्डरचं विचारलंत, त्या दिवशी सकाळीच कानाच्या डॉक्टरांकडून आलो होतो. त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली, ती डावीकडून उजवीकडे खाली उतरत गेलेली. म्हणाले, एक कान जाणार, दुसऱ्याचं सांगता येत नाही. दुपारी तुम्ही समोर बसून वाचत होतात आणि मी हेडफोन एकदा या कानावर, एकदा त्या कानावर धरून बघत होतो. ज्याला तुमचा आवाज किती वर्षं पुरेल ते माहीत नाही, त्याने तुम्हाला राहा म्हणावं का? मी नाही म्हणालो. बढतीची जागा होती तुमची. आवाज लांबून येतोय म्हणालो तेव्हा तो खरंच लांबून येत होता. तुम्ही मात्र जागेवरून हललाही नव्हतात.

हे तेव्हा सांगायला हवं होतं. ठरवायचं तुम्ही होतं, मीच ठरवून मोकळा झालो. भोंगा म्हणतो तसा नायक.

त्या दिवशी तुमचा प्रश्न स्वच्छ ऐकला आणि उत्तर दिलं नाही. आज ऐकलाच नाही आणि उत्तर देऊन बसलो. फाटकातून परत येताना चिमणी पायरीवर बसली होती. तिने ऐकलं असणार, तिच्या कानातून काही सुटत नाही. विचारायला तोंड उघडलं होतं. पण ते तिच्याकडून कळावं असं वाटलं नाही.

तेव्हा एवढंच मागतो, तुम्ही काय विचारलंत ते लिहून कळवा. पुढच्या शनिवारी परत यायचं म्हणून विचारलंत, की बस वेळेवर सुटते का म्हणून, की आणखी काही, मला काहीच माहीत नाही. माझं उत्तर गेलेलं आहे, आणि ते मी मागे घेणार नाही.

तुमचाच,
मशीनवाला