राखीला घरी ये

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या वावरात वांगी होती. आता तिथं टॉवर उभे आहेत आणि मी त्यांना टँकरनं पाणी घालतो. कॉलेज मध्येच सोडलं. एका सरांची कॉलर धरली होती. जास्त सांगत नाही, तुम्ही मला ओळखता. टँकर आपल्याच भावकीतल्या, देवळामागच्या काकांचा. त्यांची पुतणी मला आवडते. नुसती आवडत नाही, ती बसस्टॉपवर दिसली नाही की दिवसभरात माझं कुणाशी तरी भांडण होतंच.

मी तिला म्हणायचो, गाव राहिलंय कुठं? ग्रामपंचायतीच्या जागी कॉर्पोरेशनचा दवाखाना, वेशीत मोमोजची गाडी, शेजारी कोण राहतं ते शेजाऱ्याला ठाऊक नाही. पाच पिढ्यांमागं आपला आजोबा एक होता, हे कोण मोजत बसलंय? ती म्हणायची, "टॉवरमधले नाही मोजत रे. आपले मोजतात."

मला आठवतं, तुम्ही स्वयंपाकघरात दूध गाळताय, कात्रजच्या डेअरीला न्यायचं म्हणून घाईत. मी लहान. दारात आलेल्या तिच्याकडं बोट करून म्हणालो, हिच्याशीच लग्न करणार. आई हसली. तुम्ही नाही. "भावकीतली हाय ती. पुन्यांदा बोलू नको." दुधाची धार हललीसुद्धा नाही.

परवा टँकर भरताना काकांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. आवाज अगदी मऊ. "काय हिरो, यंदा राखीला घरी ये. पोरगी बांधंल तुला. नारळीभात करायला सांगतो." मागून त्यांचा मुलगा म्हणाला, "ओवाळणी आण बरं का, दाजी." काकांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो गप्प झाला. त्याच्या बोलण्यानं मला राग आला होता. त्याच्या गप्प होण्यानं भीती वाटली.

राखी आज आहे. गेलो तर सगळ्या भावकीसमोर ती माझी बहीण. नाही गेलो तर त्यांचा संशय खरा ठरला. मग माझं काय करायचं ते करोत, तिचं कॉलेज उद्यापासून बंद. तिचा फोन सकाळपासून लागत नाही. दारावरून गाडी गेली तरी उठून खिडकीशी जातो.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "गुमान जा अन् बांधून घे." मी तुमच्यावर ओरडलो असतो, दार आपटलं असतं आणि गेलो नसतो. आईवर ओरडवत नाही. ती ओवाळणीला साडी न्यायची की ड्रेसचं कापड, एवढंच विचारतेय.

हे लिहून झालं की फाडून टाकीन. आंघोळ झालीय, आबा. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडून बसलोय.