घरचं कुणी बोललं तर

९ मार्च, सोम.
बावीसला अक्कलकोटला भाचीचा साखरपुडा. गेल्या वेळी वन्सं चारचौघांत म्हणाल्या, "वैनी दारात यायच्या आधी त्यांची लवंग घरात येतीय." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन न्हाणीघरात रडले. एकतीस वर्षं आमच्या मसाल्याच्या दुकानात गेली, अंगाला काय गुलाबाचा वास येणार?
आज हट्टानं अत्तरवाल्या चाचांकडे गेले. फुलाचं नको म्हटलं, डोकं उठतं. त्यांनी काचेच्या काडीनं मनगटावर थेंब टेकवला. आधी मिरी. मग लाकूड, चंदन उगाळल्यावर सहाणेला राहतं तसं. आणि मागून लवंग! जिच्यापासून पळाले तीच. पण ही न्हाऊनमाखून आलेली. फार आवडलं.
पर्स उघडली तर चाचा म्हणाले, "आज नक्को लेव, बाजी. घर जाव. घर में कोई कुच बोल्या तो आव." घरच्या कुणी दखल घेतली नाही तर ते बाटली देतच नाहीत म्हणे. पंचाईत. मुलगा पुण्याला, घरात आम्ही दोघंच. आणि हे कधी कशाला चांगलं म्हणतील तर शपथ.

१० मार्च
काल त्याच हातानं भाकरी वाढली. तीनदा. काही नाही. "आमटीला चव न्हाय," एवढंच. वरून मीठ घेतलं, शेंगाचटणी घेतली. धण्याचं पोतं उघडायच्या आधी धणे कुठल्या गावचे ते सांगणारा माणूस, त्याला बायकोचं मनगट कळू नये! बोलणार नाही आज.
(बोलले. पाणी गेलं होतं, टाकीचं सांगावं लागलं.)

१२ मार्च, गुरु.
पुन्हा चाचांकडे. या वेळी दोन्ही मनगटं, कानामागेसुद्धा. दुकानात शिरले तर मंदा, आमच्याकडे मिरच्या निवडते ती करकंबची, हातातली मिरची टाकून उठली. "वयनी, लई भारी वास! देवळात आल्यावानी वाटतंय की."
हे हातभर अंतरावर. मान वर केली. मंदाकडे बघितलं. "व्हय की. मोगरा दिसतोय."
मोगरा.
मंदाला वाटलं चेष्टा करतायत, ती हसली. मला हसू आलं नाही.

१३ मार्च
सगळं एकेक आठवतंय. दिवाळीनंतरचा तो ताप. तेव्हापासून आमटीला चव नाही. मागच्या महिन्यात दूध करपलं, हे शेजारीच पेपर वाचत बसलेले, मी काय काय बोलले. परवा एक गिऱ्हाईक काळ्या मसाल्याची पिशवी परत घेऊन आलं, "अण्णा, खोबरं करपलंय." यांनी शेगडीला दोष दिला.
आज दारातून बघत राहिले. कढईत भाजत असलेल्या खोबऱ्याची चिमूट नाकाशी धरली, डोळे मिटले, श्वास ओढला, मान डोलावली. "झालं." आयुष्यभर करतात तसंच. पण खोबरं कच्चं होतं, मला दारातून कळत होतं.
चार महिने हा माणूस एकटा हे नाटक करतोय. आणि मी मनगटापायी फुगून बसले होते. आमच्या पेठेत लोक काळ्या मसाल्याला येतात ते अण्णांच्या नाकासाठी. तेच नाही म्हटल्यावर...

१६ मार्च, सोम.
मला कळलंय हे सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू? कढईजवळ स्टूल टाकून बसते. खोबऱ्याचा वास बरोबर आला की म्हणते, "धूर डोळ्यांत जातोय, उतरवा की." कच्चं असलं तर, "थांबा जरा, मंदाचा चहा होऊ दे." उतरवतात. थांबतात. एकदाही का म्हणून विचारलं नाही.
आज मात्र चष्म्यावरून बघितलं. "तू रोज हितं का बसतीस?"
"घरात उकडतंय."
"आन हितं गार हाय व्हय?"
पेटलेल्या शेगडीशेजारी, मार्चात. मी पदरानं वारा घेत राहिले.

२१ मार्च, शनि.
संध्याकाळी यांनी खिशातून बाटली काढली. तीच. "चाचा देत नव्हता. म्हणला, घरचं कुणी बोलल्याबिगर न्हाय. मग बोललो."
"काय बोललात?"
"बोललो कायतरी."
चहा केला, त्यात आलं जास्त घातलं.

२२ मार्च, रवि.
निघताना लावलं. हे चप्पल घालता घालता थांबले. "कसा हाय वास? सांग की."
सांगितलं. आधी मिऱ्याचं पोतं नुकतं उसवल्यासारखा. मग ओली सहाण. मग लवंग, पण लांबून. "आणि शेवटी, लग्नानंतर तुमच्या सदऱ्याला यायचा तसला." डोळे मिटून ऐकत होते.
"मग चांगला हाय," म्हणाले. कुलूप लावताना, माझ्याकडे न बघता, "उद्यापास्नं खोबऱ्याचं पन असंच सांगत जा."
त्यांचा हात धरला, गल्लीत, भरदिवसा. समोरची बघत होती, बघू दे.
वन्संनी साखरपुड्यात गळ्याशी नाक आणून विचारलं, "वैनी, कुठनं आणलं वं?" यांनी आणलं, म्हटलं. खरंच आहे.

२३ मार्च, सोम.
मनगटं साबणानं दोनदा धुतली. अत्तर लावलं की कढई कळत नाही. बाटली कपाटात, आता रविवारपुरती. शुक्रवारी डॉक्टरकडे यायला कबूल झालेत. वास परत येईल, कदाचित नाहीही.
दुपारी पिशवी परत आणणारं तेच गिऱ्हाईक कढईपाशी उभं. "अण्णा, या खेपेला नीट बघा." मंदाही बघत होती. यांनी चिमूट घेतली, नाकापर्यंत नेली, थांबले. मग सगळ्यांसमोर ती माझ्या नाकाशी धरली.
"अजून थोडं," मी म्हटलं.