काकूंची गॅलरी

सर, बोरीवलीची ती गॅलरी कोसळली त्याला आता चाळीस वर्षं होत आली, तरी अजून कुठे बादली आपटली की मी आधी वर बघते. तुम्हाला जाऊनही फार वर्षं झाली.

सिमेंट न फोडता आतली सळई गंजलीय का, हे सांगणारं यंत्र आपण अंधेरीच्या प्रयोगशाळेत बनवत होतो. रसायन तुमचं, सर्किट माझं. मोरचुदाच्या द्रावणाची नळी ओल्या स्पंजवर टेकवायची, एक तार कुठेतरी उघड्या पडलेल्या सळईच्या टोकाला जोडायची आणि मीटरवरचा आकडा वाचायचा. त्या सकाळी बोरीवलीच्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावरच्या काकूंची गॅलरी मी मोजली. आकडा चांगला आला. तुम्ही म्हणालात, "हातोडीनं ठोकूनही बघू या." मी म्हटलं, "कशाला सर? मीटर काय खोटं बोलतो?" तुम्ही हसलात आणि हातोडी पिशवीत ठेवलीत. मग मीच सांगितलं, "काकू, बिनधास्त घाला कपडे वाळत."

आपण खाली सेक्रेटरींकडे चहाला बसलोय. बशी तुमच्या ओठाशी, आणि धाडकन आवाज. बाहेर येऊन बघतो तर गॅलरीचा पुढचा भाग जमिनीवर, धुळीत ओले कपडे, चेपलेली बादली. प्रयोगशाळेत कधी मालवणीचा एक शब्द न काढणारे तुम्ही ओरडताय, "बाई खंय आसा? अरे, बाई खंय आसा?" काकू वर दारात उभ्या. चिमटे आणायला आत गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. मुठीत चिमटे. सेक्रेटरी अंगावर आले, "तुमच्या मशीननं पास केली होती ना? बाई मेली असती म्हणजे?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मशीन माझं. चूक माझी."

परत आल्यावर तुम्ही यंत्राचा डबा उघडलात. आतल्या सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या. सोल्डरिंग करताना लावलेला चिकट फ्लक्स नंतर धुतला नाही तर तो दमट हवेत ओल धरतो, करंट परस्पर गळतो, आणि गंजलेली सळईसुद्धा मीटरवर धडधाकट दिसते. "बोर्ड धुतला होतास?" "हो सर." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि झाकण लावलंत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर स्पिरिटची बाटली आणि एक जुना टूथब्रश. मी हबकलेच. म्हणजे मी बोर्ड धुतलाच नव्हता, हे तुम्हाला कळलं होतं! तरीही अहवालात तुम्ही स्वतःचंच नाव घातलंत. तुमच्याकडून काम काढून घेतलं, निवृत्तीपर्यंत लायब्ररीत बसवलं. त्याच यंत्रावर मला डॉक्टरेट मिळाली. मुलुंडला तुमच्या घरी पेढे द्यायला आले, तर तुम्ही एवढंच विचारलंत, "आता धुतेस ना?" तेव्हा तरी बोलायचं होतं. नुसती मान हलवली. वर्षभरात तुम्ही गेलात.

हे पत्र टाकायचं कुठे? वहीतच राहील. पण एक सांगून टाकते. ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. त्यात बोर्ड न धुणारा एक मुलगा असतो. हुशार होता बिचारा, असंही म्हणते.