शेऱ्याच्या रकान्यातली ओळ

आबा,

गेल्या महिन्यात भडगावला जाऊन आले. तुमची बदली झाली आणि आपण ते गाव सोडलं, त्यानंतर पहिल्यांदाच. काम पावसाच्या जुन्या नोंदवह्यांचं होतं. माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही विचारलंत की 'हवामानाचं संशोधन' एवढं म्हणून मी विषय बदलायचे. खरं तर ते सांगायला सोपं आहे. आपल्या खानदेशात पाऊस कसा बदलत गेला, दोन पावसांमधली उघडीप किती लांबते, समुद्रात वादळ उठलं की इतक्या आत, गिरणेकाठी, त्याचं काय येऊन पोचतं, हे मी बघते. त्यासाठी एकेका दिवसाचे जुने आकडे लागतात. ते शोधत मी तुमच्या जुन्या तहसील कचेरीच्या मागच्या खोलीत तिथल्या कारकून मुलीबरोबर बसले होते. तिने फडक्याने धूळ झटकून एक वही उघडली आणि समोर तुमचं अक्षर आलं. तेच, उजवीकडे कललेलं, 'र' ची शेपटी खालच्या ओळीत घुसलेली. मुलगी म्हणाली, "मॅडम, हे कोणी लिहिलंय, फार सुवाच्य आहे." मी तिला काही सांगितलं नाही. पानं उलटत राहिले, आणि ते वर्ष आलं.

मी नववीत होते. पेरण्या झाल्या, कापूस वीतभर आला आणि पाऊस गेला. तुम्ही रोज सकाळी साडेआठला कचेरीच्या आवारातल्या पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचात, आतली बाटली उजेडात धरायचात, आणि ती कोरडी असली तरी काचेच्या मापात उपडी करून बघायचात. मी शाळेत जाताना कुंपणापलीकडून ते बघते आहे. मला त्याचं हसू येतं. कोरडी बाटली काय ओतायची? तुम्ही मात्र आत जाऊन शून्य लिहिता, तारीख घालता, सही करता. असे कितीतरी दिवस गेले. मग एका दुपारी आभाळ भरून आलं आणि दोन तास असा कोसळला की शाळेच्या पटांगणातलं पाणी वर्गाच्या पायरीला लागलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ऊन. पाणी नाल्यातून वाहून गिरणेला मिळालं, रानात मुरलं नाही. पावसाच्या दुसऱ्या सकाळी तुम्हाला माप तीनदा भरावं लागलं होतं.

आठवडाभराने संध्याकाळी घरी माणसं आली. आई चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होती, मी तिच्याजवळ बसून शेंगा फोडत होते, आणि ओटीवरचं सगळं ऐकू येत होतं. पाच-सहा जण होते. त्यांत माझ्या शेजारी बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचे वडीलही होते. तालुक्याची सरासरी काढून दुष्काळ ठरायचा होता, आणि त्या एका दुपारच्या पावसाने सरासरी वर गेली होती.

"आबा, बठ्ठं रान वाळी गयं," मैत्रिणीचे वडील म्हणाले. "तो एक आकडा कमी लिखा. कोनले काय समजनार शे?"

तुम्ही म्हणालात, "पानी पडनं, ते मी लिखं. आते ते पुसनार नही."

"गावपेक्षा वही मोठी शे का?" दुसऱ्या कोणीतरी विचारलं. माणसं चहा न घेता उठली. आईने तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती एका बाजूने जळली. आई एवढंच म्हणाली, "उद्यापासून आपल्या दारात कोणी उभं राहणार नाही." आणि तसंच झालं. मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. तालुक्याचं नाव दुष्काळाच्या यादीत आलं नाही. ते त्या एका आकड्याने राहिलं की आणखी कशाने, हे मला अजून माहीत नाही. गावाला मात्र कारण माहीत होतं.

मी तुमच्यावर चिडले होते. जेवताना एकदा बोलूनही गेले, "थोडं कमी लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?" शाळेत माझं अडू नये म्हणून घरी तुम्ही माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायचात. त्या दिवशीही तसंच बोललात, पण आवाज कचेरीतला होता. "पाऊस माझा नाही, दुष्काळही माझा नाही. माझं फक्त लिहिणं आहे. तेवढं खोटं करायला सांगू नको." मी ताट सारून उठले. तुम्ही मला थांबवलं नाहीत.

त्यानंतर तुम्ही काय केलंत ते मला आईकडून फार उशिरा कळलं. रोजच्या नोंदींची नक्कल काढून, कोणते दिवस कोरडे गेले ते तारीखवार लिहून तुम्ही साहेबांपुढे अर्ज ठेवला होता. साहेब म्हणाले, नमुन्यात एकूण पावसाचाच रकाना आहे, कोरड्या दिवसांचा नाही. अर्ज परत आला. पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःहून जळगावला बदली मागितलीत आणि आपण पिंप्राळ्याला राहायला आलो. गाव बोलत नाही म्हणून, हे तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

आणि आता त्या पानावर, आकड्याच्या शेजारी, शेऱ्याच्या अरुंद रकान्यात तुमची बारीक अक्षरं होती: 'सदर पाऊस दोन तासांत पडला. त्यापूर्वी एकवीस दिवस कोरडे. पिकास उपयोग नाही.' आबा, एवढी एक ओळ मी कितीतरी तालुक्यांच्या वह्यांत शोधत होते. आकडे सगळीकडे मिळतात, पण पाऊस किती वेळात पडला हे कोणी लिहीत नाही. मी त्या मुलीला म्हटलं, हे माझ्या वडिलांचं अक्षर आहे. ती उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

तिथून मी मैत्रिणीच्या माहेरी गेले. ती पाचोऱ्याला दिलेली आहे, तिची भेट झाली नाही. तिचे वडील ओट्यावर बसले होते, फार थकलेत. ओळख सांगितल्यावर बराच वेळ माझा हात धरून होते. म्हणाले, "तुना आबाले आम्ही लई बोलनूत." मी त्यांना त्या ओळीबद्दल सांगितलं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. कोणालाच नव्हतं. त्यांनी विचारलं, "मंग आते कोरडा दिन मोजतस का?" मी म्हटलं, "हो काका, आता तेही बघतात." त्यांनी मान हलवली आणि रस्त्याकडे बघत बसले. तुमच्या वतीने काही बोलावं असं वाटलं, पण तुम्ही काय बोलला असतात ते सुचेना.

धुळ्याला दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांपुढे माझं व्याख्यान होतं. त्यात तुमची ओळ वाचून दाखवली. कोणी लिहिली ते सांगताना मात्र 'एका कारकुनाने' एवढंच म्हणाले. आणि लगेच पुढच्या तक्त्याकडे वळले.

हे पत्र कुठे पाठवणार? लिहून झालं की वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. तुमच्या शेवटच्या पावसाळ्यात तुम्ही पिंप्राळ्याच्या गच्चीवर डबा ठेवून पाऊस मोजायचात आणि रोज सकाळी मला फोनवर आकडा सांगायचात. मी म्हणायचे, "लिहून घेतलं, आबा." तुम्ही खूश होऊन फोन ठेवायचात. मी एकदाही लिहून घेतला नाही.