झिरोच्या बल्बाखाली बस्ता

१० एप्रिल २००६
दाजींनी लाइटबिल माझ्यापुढं आपटलं. दाजी म्हणजे पारसदाजी, दीपाअक्काच्या नशिबाला आलेला माणूस. बावड्यात साड्यांचं दुकान हाय म्हणून स्वतःला सावकार समजतात. म्हणाले, भूपाल, गोव्यात हॉटेल झालं, पुण्यात कुरिअर झालं, बेळगावात काय केलंस ते तुलाच म्हाईत. आता एक काम तरी धड कर. पुढचं बिल निम्मं करून दाखव, जयसिंगपूरला नवीन दुकान काढतोय ते तुझ्या हातात देतो.
मनात हसलो. इतकी वर्षं दुकान चालवून माणसाला बटण बंद करता येत नाही. उद्यापासून सुरुवात.

१२ एप्रिल
सुरुवात राहिली. तालमीत कुस्त्या होत्या.

१३ एप्रिल, सकाळी
पाहणी केली. एकेका साडीवर तीन-तीन ट्यूब. शोकेसमधल्या पुतळ्याला पंखा. पुतळ्याला घाम येतो अशी दाजींची समजूत असावी. सगळं बंद.

तोच दिवस, संध्याकाळी
दिवेलागणीला लाइट लावली नाही. बाहेर उजेड होता की. गल्ल्यावर अक्का. तिला हात जोडायला दिवा पाहिजे. म्हणाली, तिन्हीसांजेला अंधारात बसलेल्या दुकानात लक्ष्मी चाचपडत येणार काय? म्हटलं, उदबत्ती लाव, तिला बिल येत नाही. तिनं उदबत्ती लावली. बायकांना इकॉनॉमिक्स कळत नाही. मला सेकंड इयरपर्यंत होतं.

१९ एप्रिल
मधले दिवस रंकाळ्यावर विचार करण्यात गेले. भेळ खाताना बरं सुचतं. आणि सुचलंच. झिरोचा बल्ब! देवघरात असतो तो. झिरो म्हणजे झिरो, मीटरला पत्ता लागत नाही. एवढा साधा शोध वीजबोर्डातल्या इंजिनियरांना लागला नाही. सगळ्या ट्यूब काढून माळ्यावर टाकल्या, चार पिवळे झिरो लावले. दाजींना वाटलं लाइट गेली. शेजारच्या दुकानात विचारून आले.

२४ एप्रिल
गिऱ्हाइकं म्हणजे नुसती किरकिर. रंग दिसंना, काठ दिसंना. एकानं दारातूनच विचारलं, पावणं, दुकान चालू हाय का कोण वारलंय? बावड्यातल्या लोकांना नवीन काही झेपत नाही.
मीटर मात्र गोगलगायीसारखा फिरतोय. दिवसातून दोनदा जाऊन बघतो. जयसिंगपूरच्या दुकानाला नाव काय द्यावं? त्यातच दुपार गेली.

२ मे, रात्री
मोठा दिवस. उचगावच्या नागसेन कांबळ्यांचा बस्ता, त्यांच्या रूपालीचं लग्न. टेम्पो भरून माणसं. लग्नाचं अख्खं कापड एका दुकानात घेतात, सीझनला अशी दोन घरं आली की दाजींचं वर्ष निघतं म्हणे. दाजी माल आणायला इचलकरंजीला. तिथनं तीनदा फोन. सगळ्या ट्यूब लाव रे. हो म्हटलं. माळ्यावर कोण चढतंय?
कांबळे मंडळी आली तेव्हा अंधार पडलेला. बौद्ध लग्न, त्यामुळं नवरीला पांढरीशुभ्र साडी पाहिजे. नागसेनरावांची आई बनाबाई म्हणाल्या, लेकरा, दिवा लाव की, माझं मलाच हात दिसंना झालेत. हात बघायला आलाय की साडी? असं म्हटलं नाही, गिऱ्हाईक देव असतं. नवरीची साडी मीच निवडून दिली. दुधासारखी. सगळा बस्ता बांधला, चहा पाजला, टेम्पोपर्यंत सोडायला गेलो.
दाजींना फोन केला, एकही ट्यूब न लावता बस्ता केला म्हणून. त्यांनी फोन ठेवून दिला. कौतुकाला शब्द सापडले नसावेत.

३ मे
टेम्पो परत आला. बनाबाईंनी साडी भर उन्हात रस्त्यावर पसरली. म्हणाल्या, पांढरी म्हणून दिलास, ही तर लोण्यागत पिवळी हाय. नवरा पांढऱ्यात आणि माझी नात लोण्यात उभी करू व्हय? मी शांतपणे समजावलं, दोष उन्हाचा आहे. रात्री पांढरीच होती, सगळ्यांनी बघितली. नागसेनराव म्हणाले, काय बघितली? तुमच्यात चोर शिरला तर त्यो बी बॅटरी घिऊनच यील.
हसण्यासारखं काही नव्हतं. पण रस्ता हसला.
अख्खा बस्ता टाकून समोरच्या दुकानात गेले. समोरच्याकडं एवढ्या ट्यूब की डोळे दिपतात. निव्वळ उधळपट्टी. दाजी सकाळीच इचलकरंजीहून आलेले. पायरीवर उभं राहून तिकडं बघत होते. बहुतेक तेही ट्यूबच मोजत असावेत. अक्का माळ्यावर चढली.

१२ मे
बिल आलं. निम्म्याच्याही खाली. मी म्हटलंच होतं.
दाजींपुढं ठेवलं. वाचलं, घडी घातली. म्हणाले, कुलूप लावलं असतं तर ह्याच्यापेक्षा कमी आलं असतं. जयसिंगपूरचं दुकान दीपा बघणार.
दिलेला शब्द मोडणारा माणूस. मला कीव आली.
अक्कानं तिथल्यासाठी ट्यूब आणि पंख्यांची ऑर्डर दिलीय. मला विचारलं, उद्या फिटिंगला शिडी धरायला येशील का? जेवण मिळेल म्हणाली.
सकाळच्या एसटीनं जयसिंगपूरला निघतोय. शिडी धरणं सगळ्यांनाच जमत नाही.