आधी गाडी रिकामी होऊ दे

प्रिय बाबा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. मी धडधाकट आहे आणि गाडीलाही ओरखडा नाही. फोन करू शकले असते, पण आपलं फोनवरचं बोलणं टायर, ब्रेक आणि हवामान ह्या तिन्हींच्या बाहेर कधी गेलंय? आज जे सांगायचंय ते त्यात बसत नाही. शिवाय फोनवर तुम्ही "बरं, आईकडे देतो" म्हणून मोकळे होता. कागदापुढे ती सोय नाही. आई भाजी आणायला गेली की दार लावून एकट्यानं वाचा.

मी सध्या डेपोतल्या ड्रायव्हरांच्या खोलीत राहतेय. तीच खोली, लोखंडी खाटा, कूस बदलली की शेजारचा जागा होतो. खिडकीतून धुण्याचा ओटा दिसतो, तारेवर कुणाकुणाचे मोजे आणि बनियनं. माझे कपडे मी खाटेच्या दांडीवर वाळत घालते, कारण बायकांसाठी वेगळी तार लावावी हे अजून कुणाला सुचलेलं नाही. गाडीची किल्ली माझ्याकडे नाही. का नाही, ते पुढे येईलच. आईला मी सांगितलंय की गाडी दुरुस्तीला लागलीय.

गुडघा कसा आहे? आई म्हणाली, परवा तुम्ही शिडीवर चढून माळ्यावरची ट्रंक एकट्यानं उतरवलीत. म्हणाली, ह्यांचा गुडघा मोठा गुणी, गाडीचं नाव काढलं तेवढ्यापुरताच दुखतो. ती हसत होती. मला हसू आलं नाही.

माझं रस्त्यावरचं तुम्ही शिकवलंत तसंच चाललंय. गाडी चालवायला कुणीही शिकतं, गाडीत राहायला शिकावं लागतं, हे तुमचं वाक्य मी नव्या पोरींना माझंच म्हणून ऐकवते. सकाळी निघण्याआधी पोटभर नाही खायचं, पोटाला आधार होईल एवढंच. उकडलेली अंडी, उकडलेले बटाटे, मिठाची पुडी. पाणी घोट घोट प्यायचं, पण तोडायचं नाही, नाहीतर मूतखडा होतो. पाण्याचे कॅन दोन, प्यायचा आणि धुण्याचा, आणि त्यांची झाकणं वेगळ्या रंगाची. अंघोळ जमली तर पंपावर, नाही जमली तर ओल्या पंच्यानं अंग पुसायचं, पण पाय रोज धुवायचे. पायांना घाण वास आला की माणूस स्वतःलाच नकोसा होतो, असं तुम्ही म्हणायचात. सीटमागच्या पिशवीत कपड्यांचा एक जास्तीचा जोड ठेवायचा, तोही ठेवते. केबिन म्हणजे दोन खोल्यांचं घर, फक्त दुसरी खोली नाही.

जे तुम्ही शिकवू शकला नाहीत ते मी माझं शोधलं. तुम्ही गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिलात की काम झालं. माझं तसं नाही. पहिल्या वर्षी मी पाणीच प्यायचे नाही आणि तापानं फणफणले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चांगलंच झापलं. मग झाकणाची बादली आणली, तळाशी लाकडाचा भुसा, खिडक्यांना जाड पडदे. पाळीच्या दिवसांत कोणत्या पंपावरची मालकीण चावी देते आणि कुठला संडास नुसता पाहण्यापुरता आहे, ते मला आता झोपेतही सांगता येईल. हे सगळं तुम्हाला लिहिताना अवघडल्यासारखं होत नाही, ह्याचं मलाच नवल वाटतं. बाप-लेकीनं बोलायच्या ह्या गोष्टी नव्हेत म्हणतात. पण आपण दोघं एकाच धंद्यातले आहोत, आणि पुढचं सांगायचं तर हे बोलावंच लागणार.

मामा भेटले होते. तेच, सगळ्या ड्रायव्हरांचे मामा, ज्यांना सख्खा भाचा एकही नाही. मोठ्या पंपामागच्या नळावर आम्ही दोघं कपडे धूत होतो. मामा चादर पिळत होते, एक टोक मी धरलं होतं. बोलता बोलता मी म्हणाले, बाबांचा गुडघा काही बरा होत नाही. मामा पिळायचे थांबले. म्हणाले, "कसला गुडघा? तुला सांगितलं नाही त्यानं?" आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो. मी चादरीचं टोक सोडलं नाही. म्हटलं, सांगितल्याशिवाय ही चादर मिळायची नाही.

बाबा, मला माहीत आहे.

तुम्ही सुजेवरच्या त्या गोळ्या घ्यायला लागला होतात, ज्या घेतल्या की पुन्हा पुन्हा लघवीला जावं लागतं. गाडी गोदामाच्या धक्क्याला लागली होती, माल उतरत होता, आणि तोवर ड्रायव्हरनं आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा तिथला नियम. तुम्ही काउंटरवर गेलात. तिथे तो होता, ज्याला आपली माणसं इस्त्री म्हणतात, शर्टाची घडी कधी मोडत नाही म्हणून. आतला संडास दहा पावलांवर. तुम्ही विचारलंत. तो म्हणाला, "तो इथल्या माणसांसाठी आहे. ड्रायव्हर लोक घाण करून ठेवतात. आधी गाडी रिकामी होऊ दे." तुम्ही परत विचारलंत, हात जोडलेत. त्यानं मान वर न करता तेच वाक्य परत म्हटलं. आणि मग जे व्हायचं ते तिथेच, काउंटरसमोर, सगळ्यांच्या देखत झालं. त्यानं फडकं आणि बादली मागवली आणि म्हणाला, "ज्याचं त्यानं पुसायचं." मामा म्हणाले, तुम्ही फरशी पुसलीत, फडकं पिळलंत, बादली होती तिथे नेऊन ठेवलीत, कागदावर सही केलीत आणि गाडी घेऊन निघून गेलात. आम्ही सगळे भिंतीकडे बघत होतो, म्हणाले. एवढा आडदांड माणूस तो, हेच परत परत म्हणत राहिले. मी त्यांची चादर वाळत घातली.

त्या दिवशी तुम्ही घरी आलात ते मला आठवतंय. चपला बाहेर काढून थेट मोरीत गेलात. बाहेर आलात आणि किल्ली खिळ्याला अडकवून म्हणालात, गुडघा गेला, आता बस. आई म्हणाली बरं झालं, आता घरी चार घास वेळेवर खाल. मी मात्र मनातल्या मनात तुम्हाला नावं ठेवली होती, की एवढ्यातच हात टेकले.

मला राग येतो तेव्हा मी ओरडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी डेपोत गेले आणि त्या गोदामाची फेरी मागून घेतली. फेऱ्या वाटणारा कारकून म्हणाला, तिथून सगळे पळतात, तुला काय अवदसा आठवली? मी म्हटलं, हवा मानवते तिथली.

मग मी जात राहिले. मलाही संडास नाकारला त्यानं, त्याच वाक्यात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला गरज नव्हती, माझी बादली होती. मी फक्त ऐकायला विचारायचे. दबा धरलेल्या मांजरीसारखी मी त्याला बघत बसायचे. त्याच्या हातात सतत भला मोठा चहाचा मग. आणि तो स्वतः दर थोड्या वेळानं आत जाऊन यायचा, रुमालानं बोटं पुशीत. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. तोंडावर चहा फेकावा असं कितीदा मनात आलं. पण भाजलेल्याची कीव येते लोकांना, आणि त्याची कीव मला कुणालाच येऊ द्यायची नव्हती.

आणि आंधळा मागतो एक डोळा तसं झालं. लांबच्या एका कारखान्यानं माल नाकारला, माल चुकीचा आलाय म्हणाले. इस्त्रीनं स्वतः जाऊन, बदली माल दाखवून, सही करून द्यायची असं वरून फर्मान आलं. ऑफिसची मोटार गॅरेजमध्ये, आणि बदली माल माझ्या गाडीत. दुपारी जेवून तो माझ्या केबिनमध्ये चढला, सीटवर आधी रुमाल अंथरला आणि मग बसला. तो चहाचा मग बरोबर होताच. मी त्याला थर्मासमधला चहा दिला, मागितला तेव्हा परत दिला. इतकी अदबशीर मी कधी नव्हते. तो म्हणाला, "बाईमाणूस असून छान चालवता हो."

पहिला पंप आला तेव्हा त्यानं नुसतं पाहिलं. दुसऱ्याला म्हणाला, जरा थांबवता का? मी म्हणाले, "आधी गाडी रिकामी होऊ दे." त्याला वाटलं मी गंमत करतेय. हसलासुद्धा. पुढच्या पंपाला त्याचं हसू गेलं होतं. म्हणाला, तक्रार करीन. म्हटलं, करा. मग त्याचा आवाज उतरला. मांडीवर मांडी घालून, दाराच्या मुठीला धरून बसला. मग साहेबाचा साधा माणूस झाला तो, आणि म्हणाला, "माझं ऑपरेशन झालंय. मला खरंच धरवत नाही. हात जोडतो तुम्हाला."

तेव्हा माझा पाय ब्रेककडे गेला, बाबा. पण मला बादली जागेवर नेऊन ठेवणारे तुम्ही दिसलात, आणि पाय परत होता तिथे आला. मी काच खाली केली आणि चालवत राहिले. थोड्या वेळानं तो खिडकीबाहेर बघायला लागला. केबिनमध्ये वास आला.

कारखान्याच्या ऑफिसच्या दारात माणसं वाट बघत उभी होती. मी गाडी अगदी त्यांच्यासमोर नेऊन लावली. एरवी मागच्या फाटकानं जाते. तो म्हणाला, जरा मागे घ्या ना. मी इंजिन बंद केलं आणि त्याला फडकं दिलं. म्हटलं, ज्याचं त्यानं पुसायचं. त्यानं सीट पुसली. पिशवीत कपड्यांचा जास्तीचा जोड होता, माझी सैल पँट त्याला सहज झाली असती. मी दिली नाही. फाइल पुढे धरून तो उतरला, पण फाइलनं झाकण्यासारखं ते नव्हतं. कुणी हसलं नाही. सगळे भिंतीकडे बघायला लागले.

सही झाल्यावर मी त्याला पायऱ्यांशी गाठलं. तुमचं नाव सांगितलं, तुमची गाडी सांगितली, त्या दिवशीचं सगळं सांगितलं. म्हटलं, मी त्यांची मुलगी. मला वाटलं होतं, आता त्याचा चेहरा पांढरा पडेल. तो माझ्याकडे बघत राहिला, खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. मग म्हणाला, "कोण हो? तसं बऱ्याच जणांचं होतं तिथे." बाबा, तो खोटं बोलत नव्हता. त्याला तुम्ही आठवलाच नाहीत. तुमचा रस्ता सुटला, तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलात, आईला खोटं सांगत जगलात, आणि ज्याच्यामुळे हे झालं त्याच्या लेखी तुम्ही बऱ्याच जणांतले एक होतात. येताना रस्ताभर मी स्टिअरिंगवर मुठी आपटत आले. एवढं केलं आणि ते पोचलंच नाही.

त्यानं तक्रार केली. किल्ली गेली ती त्यासाठी. येत्या गुरुवारी सकाळी डेपोत मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकशी आहे. साहेब बरे आहेत, म्हणाले माफी लिहून दे, किल्ली परत घे. मी नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तू हे का केलंस? मी गप्प बसले, कारण ते कारण माझं नाही, तुमचं आहे. मामा सांगायला तयार आहेत, मीच त्यांना थांबवलंय. तुम्ही आला नाहीत तर मी गुरुवारीही गप्पच बसेन आणि जी शिक्षा होईल ती घेईन. ह्या जगात गाड्या पुष्कळ आहेत. मला वाचवायला बोलावत नाही मी तुम्हाला. इस्त्री तिथे खुर्चीत बसलेला असेल. तुम्ही त्याच्यासमोर उभं राहायचं आणि तुमच्या तोंडानं, पहिल्यापासून, लघवी हा शब्द न गाळता सांगायचं. आवाज कापला तर कापू दे, वेळ लागला तर लागू दे. माझा चेहरा तो मरेपर्यंत विसरणार नाही, तेवढी तजवीज मी केलीय. मला त्याच्या डोक्यात तुमचा चेहरा हवाय. मी फाटकाशी उभी राहीन.

तुमचीच,
बारकी