सीटमधला गुलाल

मंगळवार, १४ मे. आष्टी.

गाडी गेली. रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं.

नगरचा गाड्यांचा व्यापारी सकाळीच आला. कारखान्याचे चेअरमन झाले त्याच वर्षी ह्यांनी ही परदेशी गाडी कोरी घेतली, त्याला चारच वर्षं झाली. व्यापारी पाव किमतीवर अडून बसला. म्हणाला, "साहेब, असल्या गाड्या शोरूमबाहेर पडल्या की उतरणीलाच लागत्यात. आन ह्या दुष्काळात इकडं घेणार कोण?" ह्यांनी किल्ली पुढं केली. ऊस नाही म्हणून दोन हंगाम कारखाना बंद आहे, तेव्हापासून ह्यांचं बोलणंच कमी झालंय.

मग व्यापारी चालवायला बसला, हे शेजारी बसले आणि त्यानं एसी लावून बघितला. जाळीतून गुलाल उडाला. निवडणूक जिंकल्यावर कार्यकर्त्यांनी टपाच्या काचेतून आत ओतलेला, तोच. रोज दोन बादल्या पाण्यानं गाडी धुतली, तरी तो शिवणीशिवणीत बसलेला. व्यापाऱ्यानं तेवढ्यावरून आणखी पन्नास हजार पाडले. त्या दिवशी "ओता, ओता" म्हणून कोण ओरडलं होतं? मीच बहुतेक.

गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर तो गुलाल तसाच होता. म्हणलं, "काढा, धुवून टाकते."

"राहू दे," म्हणाले. "टँकर शनिवारी येणार हाय. पाणी कशाला घालवतीस?"

शर्ट खुंटीला टांगलाय. लिहिताना समोरच दिसतोय.